परदेशी तबकडी आणि आमचे हे
माझे धाकटे दीर बोटीवर कामाला होते. शहात्तरच्या सुमाराला रजेवर आले आणि जाताना एक रेकॉर्ड प्लेअर न् एकच तबकडी आमच्या भवानी पेठेतल्या खोलीत ठेवून गेले. सामान जड होत होतं म्हणे. आधीच खोलीत पाय ठेवायला जागा नाही, त्यात हा पाहुणा! तबकडीच्या पाकिटावर एक अमेरिकन गायक होता, शर्टाच्या गुंड्या उघड्या, घामानं निथळलेला. सगळी गाणी त्या एकट्याचीच. पहिल्यांदा लावली तेव्हा शेजारीण उंबऱ्यातूनच म्हणाली, "ह्येचं पोट दुखतंय का काय वो?"

मला हसूही आलं नाही. सकाळभर शाळेत शिकवताना पोरांचा कालवा, घरी आल्यावर स्टोव्हची घरघर. आवाज म्हटलं की अंगावर काटा यायचा.

आमचे हे गिरणीत मागावर. दोन वर्षांपूर्वी त्यांनी देवळातलं भजन सोडलं होतं. टाळ खुंटीला अडकवले आणि "येळ न्हाय" एवढंच म्हणाले. मी त्यावरून खूप तोंड वाजवलं होतं. आणि आता पहिली पाळी करून आले की हातपायसुद्धा न धुता तबकडी लावायची, आवाज पूर्ण वाढवायचा आणि स्पीकरच्या खोक्याला तळहात टेकून डोळे मिटून बसायचं. ढोलाच्या ठोक्यानं माझी फळीवरची भांडी हलायची. देवाला वेळ नाही आणि ह्या गड्याला आहे, म्हणून मी मनात जळत होते.

एके दुपारी डोकं फुटायची वेळ आली. मागून तीनदा म्हटलं, बंद करा ते. हे ढिम्म. शेवटी हात घालून आवाजच बंद केला. तबकडी फिरतच होती. ह्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "लाईट गेली का?"

मी समोर जाऊन बसले आणि त्यांनी डोळे उघडेपर्यंत थांबले. म्हटलं, "तुम्हाला ऐकू येत नाही?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मान खाली घातली. "आदी टाळ गेलं," म्हणाले. "मग तुजा आवाज. ह्येचा ठोका तेवढा हाताला कळतोय."

"मग मला उत्तरं कशी देता?"

"मागावर समदे तोंड बघूनच बोलत्यात की."

ते मला ठाऊक नव्हतं थोडंच? मागांच्या खडखडाटात कुणालाच ऐकू येत नाही, ओठ बघूनच बोलणं चालतं. पण मी बोलायला लागले की हे हातातलं काम टाकून माझ्याकडे एकटक बघायचे, आणि मी वेडी, लग्नाला चौदा वर्षं झाली तरी बघतात म्हणून आतल्या आत सुखावत होते. मला भयंकर राग आला. त्यांचा कमी, माझाच जास्त.

"डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं.

"मागावरचे समदे असेच हायत. डाक्टर काय करनार?"

मग त्यांनी खोक्यावरचा हात उचलला, माझ्या गळ्यावर ठेवला आणि डोळे मिटले. "बोल," म्हणाले.

सकाळभर शाळेत पोरांवर ओरडून घसा बसलेला. "अहो, दार उघडं आहे," मी म्हटलं.

"न्हाय कळलं," ते म्हणाले. "पर बोलत ऱ्हा."