माझं नाव नसलेलं गाणं

या गोष्टीबद्दल माझ्या तोंडून आजवर एक शब्द बाहेर पडलेला नाही. आणि मी तोंड बंद ठेवणारी बाई नाही, हे मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. ऊसतोडीच्या मुकादमाशी भांडले, सरपंचाशी भांडले, प्राचार्यांशी भांडले. चार वर्षं फक्त या एका ठिकाणी गप्प बसले.

मी काष्टीची. वडील साखर कारखान्यात कामगार, संघटनेचे. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे, अक्षर ओळखायला मी त्यांच्यावरच शिकले. हे कारण म्हणून सांगत नाही. तिला कळत नव्हतं असं पुढे कुणी म्हणू नये, म्हणून सांगते. मला सगळं कळत होतं.

मी गाणी बनवते. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत, लॅपटॉपवर, एकटीच. शहरातले लोक त्याला इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतात, गावात डीजेच म्हणतात. मी कुठल्या कंपनीची नाही, कुठल्या मंडळाची नाही. आमच्या धंद्यात एक रीत आहे. गाणं तयार झालं की त्यात मध्येमध्ये आपलं नाव बोलून टाकायचं, म्हणजे दुसऱ्याने ते स्वतःचं म्हणून वाजवू नये. माझ्या प्रत्येक गाण्यात मिनिटामिनिटाला माझं नाव ऐकू येतं. एक गाणं सोडून.

त्या गाण्याकडे सरळ जावं, नाही का? जाते. पण आधी यासीनचाचा.

चाचांचं नगरजवळ केडगावला, पुणे रोडवर, स्पीकर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. मी बीएस्सीला असताना तिथे पहिल्यांदा गेले ते जळालेला स्पीकर घेऊन. बाकी दुकानांत मला विचारायचे, भाऊ कुठंय? चाचा म्हणाले, "भाऊचं काय काम? जाळला कुनी?" मी म्हटलं, मी. "मग तूच खोल." तिथून पुढे तीन वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिले. आवाज पोटात कुठे लागतो आणि कानात कुठे, हे त्यांनी शिकवलं. नगरात त्यांच्या घरी कितीदा जेवले. चाची माझ्यासाठी कमी तिखटाचं कालवण आधीच बाजूला काढून ठेवायच्या.

एकदा दुकानात स्पीकरचा एक रिकामा सागवानी खोका पडला होता. चाचांनी सहज त्यावर मूठ मारली. असा भरीव आवाज आला, की मी त्यांना पुन्हा मारायला लावलं आणि मोबाईलवर रेकॉर्ड केलं. तोच माझा बेसचा ठोका झाला. बाकीचे इंटरनेटवरून तयार ठोके उतरवतात. मी नाही. माझ्या गाण्यातला प्रत्येक आवाज मी स्वतः मिळवलेला, याचा मला केवढा ताठा होता!

आणखीही एक ताठा होता. जातीवर, धर्मावर, बाईच्या अंगावर गाणं करणार नाही, असं मी लिहून, छापून वाटलं होतं.

मग एका मंडळाचा माणूस आला. मिरवणुकीसाठी गाणं हवं होतं. एका ठरावीक गल्लीपुढे डीजेचा गाडा थांबवून वाजवायचं गाणं. शब्द त्याने लिहून आणले होते. ते इथे लिहिणार नाही, ते पुन्हा एकदा पसरवायची माझी तयारी नाही. तिथल्या लोकांनी या मातीतून चालतं व्हावं, एवढाच त्यांचा अर्थ. मी नाही म्हटलं. एकदा, हे मान्य करा. त्यावर तो चिडला नाही. हसला, आणि सोबतच्या माणसाला म्हणाला, "म्या म्हनलं न्हवतं का? ताईच्याच्यानं न्हाई व्हायचं. पोरींचा बेस म्हंजी पापड मोडल्यावानी. चल, शेवगावच्या पवन्याकडं जाऊ."

एवढंच. मला कुणी धमकावलं नाही. घरात कुणी आजारी नव्हतं, चूल विझलेली नव्हती. पापड म्हटलं म्हणून मी ते गाणं केलं.

आणि गल्ली? गल्ली मला माहीत होती. चाचांची होती.

दोन दिवस दुपारभर बसून मी ते बनवलं. खोटं कशाला सांगू — आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम ते आहे. कुठे थांबायचं, कुठे सोडायचं, सगळं नेमकं जमलं होतं. शेवटी मी माझं नाव त्यातून काढलं. पाठवून दिलं, आणि हात धुतल्यासारखं वाटलं. असे हात धुतले जातात?

मिरवणुकीनंतर तीन दिवसांनी मी दुकानात गेले. चाचा एका ॲम्प्लिफायरला सोल्डरचे टाके मारत होते. मान वर न करता म्हणाले, "आगं, ते गानं ऐकलंस का? आमच्या दारात वाजवलं ते?"

मी म्हटलं, ऐकलं नाही.

"ठोका आपल्या खोक्याचा हाय, बेटा."

नाव काढलं होतं. ठोका काढायचं सुचलंच नाही. सुचणार कसं? तयार आवाज वापरणार नाही, हे माझं तत्त्व होतं ना!

चाचा रागावले नव्हते. ते वाट बघत होते. हो म्हणायला मला किती वेळ लागला असता? मी म्हणाले, "शेवगावच्या पवनने माझे आवाज नेले होते चाचा, मागच्या वर्षी. त्यानंच केलं असंल."

चाचांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मी बघितलं. ते म्हणाले, "व्हय ना? मी चाचीला म्हनलंच हुतं, आपली पोरगी असलं न्हाई करायची. बस, च्या सांगतो."

मी बसले. चहा प्याले.

पवनने माझे आवाज कधीच नेले नव्हते. तो माणूस स्वतःची गाणी करून गाडे वाजवायचा, लग्नं-वरातींना. पुढे मला कळलं, की मंडळवाले त्याच्याकडे माझ्याही आधी गेले होते. त्याने नकार दिला होता; ‘पवन्याकडं जाऊ’ हे नुसतं मला डिवचायला होतं. ना पत्रक काढलं, ना भाषण केलं — नुसता नाही म्हणाला. आणि त्याचंच नाव मी पुढे केलं.

चाचांचा शब्द नगरात चालतो. त्यांनी खरं समजून चार लोकांना सांगितलं, चारांनी चाळीसांना. मी खोटं बोलले ते एकदाच. पुढचं काम चाचांच्या खऱ्या तोंडाने केलं. पवनला चौकीवर बोलावून दिवसभर बसवलं. चाचांनी त्याचे स्पीकर हातात घ्यायचं बंद केलं, बाकीच्या दुरुस्तीवाल्यांनीही. त्याने दोनदा मला फोन केला. मी उचलला नाही. आता तो गाडा वाजवत नाही. शेवगावला बाजार समितीत हमालांवर मुकादम आहे.

आणि मी? मी त्याच महिन्यात द्वेषाच्या गाण्यांविरुद्ध एक जळजळीत लेख लिहिला. लोकांनी तो फिरवला, त्यातून अशा गाण्यांविरुद्ध एक चळवळच सुरू झाली. चाचांनी दुकानात चिकटवला.

मला ठाऊक आहे, आता कोण काय म्हणेल. मंडळवाले म्हणतील, बघा, ह्यांची तत्त्वं. म्हणा. तुमची गाणी माझ्या खोटेपणामुळे चांगली ठरत नाहीत. ती घाणच होती, मी ती वाजण्याजोगी केली. माझ्या बाजूचे म्हणतील, हे आत्ता कशाला, चळवळीचं नुकसान होईल. होऊ द्या. पवनच्या नावावर उभी राहणारी चळवळ मला नको. उद्या हा कागद घेऊन मी आधी शेवगावला जाणार, मग केडगावला. पुढे काय होईल ते त्या दोघांच्या हातात.

एक राहिलं. मिरवणुकीच्या दिवशी तू कुठे होतीस, हे मला कधी कुणी विचारलं नाही. मी तिथेच होते. ऊन उतरलं होतं. गाड्यामागे, गर्दीत, ओढणी डोक्यावरून घेऊन उभी. गाडा गल्लीपुढे थांबला, माझा ठोका सुटला, आणि पाचशे माणसं एकदम उडाली. गल्लीतल्या खिडक्या एकेक बंद होत गेल्या. तिसरी खिडकी चाचीने स्वतः ओढून घेतली. आणि माझा पाय ठेका धरत होता.

तो थांबला नाही.