सासऱ्यांची भातुकली

कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी ते तिचा वास घेत. आंबा, तंबाखू ठीक आहे, पण ते छत्रीचाही घेत, कुलपाचाही घेत. नाक वस्तूला टेकवायचं, डोळे मिटायचे आणि मान हलवून म्हणायचं, "बराबर वाटत न्हाई." असा एखादा शेजारी तुम्हीही पाहिला असेल. माझा मस्तगडात होता, भिंतीला भिंत लागून. निजामाच्या कचेरीत मुन्शी होते.

एका वर्षी त्यांच्या सासूबाई वारल्या. सासरे केदारखेड्याचे मोठे जमीनदार, मिश्या कानापर्यंत. मुलगा नव्हता. लेकीच्या घरी जेवायचं नाही आणि परक्या हातचं खायचं नाही, असे त्यांचे दोन नेम होते. तेव्हा साठी उलटल्यावर त्यांनी स्वतःच स्वयंपाक शिकायला घेतला. भाकरी तुटायची, पिठलं करपायचं आणि चूल फुंकताना एकदा डावी मिशी निम्मी जळाली. खबर आली की भिंतीपलीकडे वहिनींचं रडणं सुरू व्हायचं. वडील उपाशी झोपत असतील, याच विचारानं त्यांचं जेवण तुटलं होतं.

दिवाळी आली. रीत अशी की सासऱ्यानं जावयाला द्यायचं. मुन्शीजींनी ठरवलं, यंदा आपण न्यायचं, आणि स्वयंपाकाला उपयोगी पडेल असंच न्यायचं. निवडायला मला बरोबर घेतलं.

भांड्यांच्या दुकानात त्यांनी कढया हुंगल्या, पराती हुंगल्या, एका झाऱ्यापाशी तर बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. दुकानदार कंटाळला. कोणासाठी पाहिजे, म्हणून त्यानं विचारलं. मुन्शीजी म्हणाले, घरातलं एक माणूस नुकतंच स्वयंपाक शिकून राह्यलं. दुकानदाराचा चेहरा उजळला. त्यानं आतून पितळी भातुकली आणून मांडली. बोटभर पळी, तळहाताएवढी परात, इवलीशी चूल आणि तवा.

"पोरगी केवढी आहे?" त्यानं विचारलं.

"सासष्ट वर्षांची," मुन्शीजी म्हणाले, आणि चूल उचलून नाकाला लावली. मी हसलो. ते हसले नाहीत. डोळे उघडून मला म्हणाले, "हे बिलकुल बराबर आहे."

मी परोपरीनं समजावलं की हा म्हाताऱ्याचा अपमान होईल, वहिनींचं माहेर तुटेल. त्यांचं उत्तर तयार होतं. चूल लहान म्हणजे जाळ लहान, जाळ मिश्यांपर्यंत पोचत नाही. भाकरी लहान म्हणजे ती तुटायला जागाच नाही. त्यांनी भातुकली डब्यात बांधून घेतली.

पाडव्याला मुन्शीजी आणि वहिनी केदारखेड्याला गेले. मीही गेलो, कारण परक्यादेखत सासरे कमी बोलतील असा मुन्शीजींचा हिशोब होता. डबा उघडला. सासऱ्यांनी एकेक भांडं बाहेर काढून ओसरीवर मांडलं. वहिनींनी पदरात तोंड लपवलं.

"जावईबापू, हे कोणासाठी?"

"तुमच्यासाठी, मामा. मिश्या सलामत राहतील."

सासरे उठले आणि बाहेर गेले. आमची गाडी जुंपायला सांगायला गेले, असंच मी धरून चाललो. पण ते हातात पऱ्हाट्या घेऊन परतले. मांडी घालून बसले आणि त्या वाळल्या काड्या मोडून मोडून बारीक करू लागले. मंग त्या चुलीत जाळ केला, चिमूटभर पीठ मळलं आणि दोन बोटांनी भाकरी थापली. रुपयाएवढी भाकरी तव्यावर टम्म फुगली.

म्हातारा तिच्याकडे पाहतच राहिला. मंग ती लेकीच्या तळहातावर ठेवून हळूच म्हणाला, "खा बाई. ही नीट झाली."

वहिनींनी ती चार घास करून खाल्ली. त्या रडत होत्या, पण ते रडणं मी भिंतीपलीकडून ऐकलेलं नव्हतं. मुन्शीजी गंभीरपणे पुढे सरकले आणि म्हणाले, "मला जरा मोठी करा." त्या दिवशी आम्हा सगळ्यांचं जेवण व्हायला दिवेलागण झाली. सासऱ्यांनी कोणाला मदत करू दिली नाही.

पुढं त्यांचा हात बसला. संक्रांतीपर्यंत ते मोठ्या तव्यावर आले, आणि वहिनी पोटभर जेवू लागल्या.

नंतर संस्थानात गडबडीचे दिवस आले. मुन्शीजींनी नोकरी सोडली, केदारखेड्याला जायला सासऱ्यांची गाडी मागवली. सामान भरून झालं, तरी भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ ते कोणाच्या हाती देईनात. चालू घड्याळ बंद पाडून न्यायचं त्यांना पटत नव्हतं. घड्याळ मांडीवर उभं धरून ते गाडीत मागं तोंड करून बसले. आमचं नीट बोलणंही झालं नाही. ते परत मस्तगडात आले नाहीत.

गाडी खड्ड्यातून डावीकडं कलली की ते उजवीकडं झुकत, उजवीकडं कलली की डावीकडं. नजर लंबकावर होती. वळणापर्यंत मला ते तसेच झुलताना दिसले.