पीतरेणूचा साक्षात्कार

माझ्या अंगी धीर फार आहे, हे मी येथे नम्रपणे नमूद करतो. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. विद्यार्थी 'देव' शब्द चालवताना तृतीयेपाशी अडखळला, की मी खिडकीबाहेर पाहत शांतपणे वाट पाहत असे. काहींच्या बाबतीत तर त्यांचे लग्न होईपर्यंत वाट पाहिली! असा हा मनुष्य एका वीतभर वनस्पतीपायी आठवडाभर अंगणात येरझाऱ्या घालील, हे कोणी सांगितले असते तर मी त्याला आसन देऊन त्याची समजूत काढली असती.

कंधारच्या पुढे आमचे गाव. आमच्या शेताच्या बांधाला एक भला थोरला काळा खडक आहे आणि त्याच्या माथ्यावर आमचे कुलदैवत खंडोबा तांदळ्याच्या, म्हणजे बिनघडणीच्या पाषाणाच्या, रूपाने विराजमान आहे. प्रत्येक रविवारी मी मागच्या पायऱ्यांनी वर जातो, पूजा करतो आणि भंडारा उधळतो. ताटात उरलेली चिमूटभर हळद कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून माथ्यावरच्या एका खोल फटीत भक्तिभावाने सोडून देतो. (ती फट पुढे कोठे जाते, याची मी कधी चौकशी केली नाही. देवाला दिलेल्या वस्तूचा माग काढू नये, अशी माझी धारणा होती.)

आमची सूनबाई रेवती लातूरला महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. दसऱ्याला घरी आली, तेव्हा ती खडकाच्या खालच्या बाजूला कपारीत डोके घालून कितीतरी वेळ उभी राहिली. मला वाटले, पोरीचे कानातले पडले.

"अण्णा, इकडे या! हे बघा काय सापडलं!"

पाहतो तो दगडाच्या चिरेत हिरव्या नाजूक पानांचा एक झुबका.

"हा नेचा. रुपेरी नेचा म्हणतात. मातीत नाही, खडकातच राहतो," असे म्हणून तिने एक पान खुडले, माझ्या तळहातावर उलटे ठेवून दाबले आणि उचलले. काय सांगावे! पानाची पांढरीशुभ्र प्रतिमा माझ्या हातावर उमटली! पानाच्या पाठीवर जणू भस्मच होते. मी गहिवरलो. जेवायला बसेपर्यंत तो हात धुतला नाही.

"पाऊस गेला की हा पानं गुंडाळून घेतो," रेवती सांगत होती, "पाठ वर करून मेल्यासारखा पडून राहतो. पाणी पडलं की पुन्हा उलगडतो. आणि अण्णा, याच्यात पांढऱ्या पिठीचा असतो, तसा सोनेरी पिठीचाही असतो. पण तो इकडं कुणाला दिसल्याचं मी तरी ऐकलेलं नाही."

नंतर तिने मन मोकळे केले. नांदेडला कुलथे सर म्हणून नेच्यांचे मोठे अभ्यासक आहेत. त्यांच्याकडे संशोधनासाठी एकच जागा उरलेली होती आणि रेवतीला ती हवी होती. कुलथे सरांनी तिला तोंडावर सांगितले होते, "मराठवाड्याच्या कोरड्या दगडात नेच्याचं काय ठेवलंय? तिकडं घाटात जा. नाहीतर इथलं काहीतरी दाखवा, मग बघू."

"मी दाखवणारच आहे," ती म्हणाली. "तुम्ही फक्त रोज याच्यावर लक्ष ठेवा. हात लावू नका."

मी हात लावला नाही. रोज सकाळी स्नानसंध्या आटोपून जात असे, दुरून नमस्कार करीत असे आणि परत येत असे. पाऊस संपला. पाने हळूहळू गुंडाळली गेली आणि पांढऱ्या पाठी बाहेर दिसू लागल्या.

मग चंपाषष्ठी आली. त्या दिवशी खंडोबाची महापूजा असते. भंडारा किती उधळला, हे विचारू नका. माझे धोतर पुढे तीन धुण्यांत पांढरे झाले नाही. ताटेच्या ताटे उरली, ती नेहमीप्रमाणे फटीत सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी नेच्याच्या दर्शनाला गेलो आणि जागच्या जागी थिजलो.

नेचा सोनेरी झाला होता!

गुंडाळलेल्या प्रत्येक पानाची पाठ पिवळीधमक! मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिले. पिवळीच! (वाचक म्हणतील, गुरुजी, तेव्हाच कसे कळले नाही? अहो, साक्षात्कार झालेल्या मनुष्याला हिशेब सुचत नाही!) मी तडक रेवतीला फोन लावला.

"सूनबाई, सुवर्ण! साक्षात सुवर्ण!"

"अण्णा, चोरी झाली का?"

"नेचा सोनेरी झाला!"

ती सावकाश म्हणाली, "अण्णा, असा एका रात्रीत रंग बदलत नाही हो. मी शनिवारी येते, एक पान कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघते. तोवर कुणाला सांगू नका."

मी तिची आज्ञा अक्षरशः पाळली. फक्त घरात सांगितले. आणि शेजारच्या शेतातले गणपतराव बांधावर दिसले, म्हणून त्यांना. गणपतराव बाजारच्या दिवशी गावात गेले, म्हणून गावाला. एवढेच.

परंतु शनिवार काही लवकर येईना! मी पोथी उघडावी, तर ओळी डोळ्यांसमोरून निघून जात. जप करावा, तर माळ कोणत्या मण्यावर आहे ते कळेना. शेवटी चित्त स्थिर करण्यासाठी मी नामकरण आरंभिले. पांढरा तो श्वेतरेणु. पिवळा तो पीतरेणु. नाव इतके जमून आले, की ते मला एकट्याला सहन होईना.

"अहो, किती फेऱ्या मारायलात!" आमच्या सौभाग्यवती तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. (माहेर केळ्यांच्या अर्धापूरचे. बोलणे केळ्यासारखे गोड, पण साल काढणे त्यांना फार चांगले येते.) "अंगणाला खड्डा पडायला आलाय. नेचा का तुम्हाला पळून जाणार आहे?"

"तुम्हाला कळत नाही. सूनबाईच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"मग तिला सोडवू द्या की तिचा प्रश्न."

हे वाक्य मी तेव्हा मनावर घेतले असते, तर आज लिहायला काही उरले नसते. गुरुवारी माझ्या लक्षात आले, की दसऱ्याला रेवतीच्या फोनला रेंज नव्हती, तेव्हा तिने कुलथे सरांना माझ्याच फोनवरून लावला होता. क्रमांक आयता माझ्या खिशात! मी पूर्वाभिमुख बसलो, आचमन केले आणि बटण दाबले.

"नमस्कार. आपल्या भावी विद्यार्थिनीचा मी श्वशुर बोलत आहे."

"कोण? सासुर? राँग नंबर."

दुसऱ्या वेळी मी सोप्या मराठीत सांगितले. पिवळी पिठी म्हटल्याबरोबर त्यांचा आवाज बदलला.

"तुमच्या सुनेनं तपासलं का?"

"आपण यावे आणि तपासावे," मी म्हणालो. "प्रत्यक्षाला प्रमाणाची काय आवश्यकता?"

"रविवारी येतो."

शनिवारी अंधार पडल्यावर रेवती लातूरहून आली. मी पीतरेणूचे नाव, त्याची व्युत्पत्ती आणि कुलथे सरांचे आगमन या तिन्ही गोष्टी एका श्वासात सांगितल्या. पहिल्या दोहोंनी ती हसली. तिसरीने खाली बसली.

"अण्णा! मी अजून पान हातात घेतलं नाही, आणि तुम्ही सरांना बोलावलंत? उद्या काही वेगळंच निघालं तर? ते म्हणतील, न बघताच बोंबलत सुटणारी बाई! मग जागा कसली, दारात उभं करणार नाहीत."

"वेगळे कसे निघेल? मी स्वतः पाहिले आहे!"

"हेच मला भ्या वाटायलंय," आमच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या.

रविवारी भल्या सकाळी कुलथे सर आले. उंच, किडकिडीत, डोक्यावर एक केस नाही आणि चेहऱ्यावर एक सुरकुती हलत नाही. केळी दिली, खाल्ली नाहीत. चहा दिला, उभ्यानेच प्यायले. "खडक कुठाय?" एवढेच बोलले. त्यांना पाहून मला माझेच विद्यार्थिदशेतले दिवस आठवले. अशा माणसासमोर अडखळणारा मीच असे. गणपतरावही तंबाखू मळत मळत मागून आले, कारण गावात त्याहून मोठी घटना त्या दिवशी दुसरी नव्हती.

कुलथे सरांनी एक पान खुडले आणि आपल्या तळहातावर दाबले. पिवळा ठसा! त्यांच्या कपाळावरची एक सुरकुती हलली.

"सोनेरी? इथं?"

"सर, मी अजून तपासलेलं नाही," रेवती घाईने म्हणाली. "मला स्वतःलाच शंका आहे. फोन मी केला नव्हता..."

"गुरुजी, बघू द्या की आम्हाला पण," म्हणत गणपतरावांनी हात पुढे केला आणि चुन्याने माखलेले बोट एका पानावरून फिरवले. "येवढं काय हाय त्याच्यात... अगं माय! हे तर लाल व्हायलंय!"

खरोखर! जेथे बोट लागले, तेथे पान कुंकवासारखे लालभडक! पांढरा, पिवळा आणि आता लाल! एका खडकावर तीन वाण! माझ्या अंगावर काटा आला.

"रक्तरेणु!" मी ओरडलो. "सर, हा रक्तरेणु!"

आणि मग मला तेथे उभे राहवेना. ज्याच्या कृपेने हे घडले, त्याचे आभार मानायला नकोत काय? रविवारची पूजा तर व्हायचीच होती. मी मागच्या पायऱ्या धापा टाकत चढलो, ताट उचलले, "येळकोट येळकोट जय मल्हार!" म्हणून मुठी भरभरून भंडारा उधळला आणि उरलेला सगळा, यथासांग, दोन्ही हातांनी, फटीत ओतला.

खाली त्याच क्षणी काय चालले होते, ते मला नंतर गणपतरावांनी साग्रसंगीत ऐकवले. रेवती त्या लाल डागाकडे टक लावून पाहत होती. एकदम म्हणाली, "काका, बोटाला चुना आहे ना तुमच्या?"

"हाव. तंबाखूला लावायलो होतो."

"सर, ही पिठी नेच्याची नाही. ही हळद आहे. चुना लागला की हळदीचं कुंकू होतं, आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे."

"हळद?" कुलथे सर भिंग डोळ्याला लावून कपारीत वाकले आणि वर पाहू लागले. "या उभ्या खडकात हळद येणार कुठनं?"

उत्तर वरून आले!

मला वर फक्त एक प्रचंड शिंक ऐकू आली. मग दुसरी. मी फटीला डोळा लावला. तळाशी एक पिवळाजर्द गोल पदार्थ हलत होता. तो वर वळला, तेव्हा त्याला डोळे होते.

"गुरुजी!" गणपतरावांची आरोळी आली. "आता बास करा! सायबाला हळद लागली की! लगीन लावायचं का काय?"

पूजेचा पाण्याचा तांब्या हातात घेऊन मी पायऱ्या कशा उतरलो, ते आठवत नाही. कुलथे सर डोक्यापासून कोटापर्यंत सुवर्णमय उभे होते. भिंग पिवळे, भुवया पिवळ्या. रेवतीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले होते आणि ते हळदीने नव्हते. मी तांब्या खाली ठेवून हात जोडले, तर तेही कोपरापर्यंत पिवळे!

तेवढ्यात रेवतीने डोळे पुसले, तो तांब्या उचलला आणि त्या पानांवर संथ धार धरली. पिवळे पाणी दगडावरून ओघळून गेले. खाली पाने पुन्हा पांढरीशुभ्र, आणि पाण्याचे थेंब त्यांच्यावरून मोत्यासारखे घरंगळत होते.

"नेच्याची स्वतःची पिठी पाण्यानं धुतली जात नाही, सर. हळद जाते." मग ती खडकाला वळसा घालून गेली आणि जेथे फट पोहोचत नव्हती, तेथून एक पान घेऊन आली. "काका, बोट लावा." गणपतरावांनी चुना लावला. पान पांढरेच राहिले. "हा साधा रुपेरी नेचा आहे. दुसरा कुठलाही वाण नाही. तुम्हाला उगाच त्रास झाला, सर."

कुलथे सरांनी आमच्या सौभाग्यवतींनी आणलेल्या पंच्याने तोंड पुसले. (त्याने पिवळा रंग फक्त कानापर्यंत नीट पसरला.) आणि मग तो न हलणारा चेहरा हलला. ते हसत होते!

"माझ्याकडं येणारा प्रत्येक जण नवा वाण सापडला म्हणूनच येतो," ते म्हणाले. "नवा नाही, हे माझ्यासमोर उभं राहून, हातात तांब्या घेऊन कुणी दाखवलं नव्हतं. सोमवारनंतर येऊन भेटा. जागा तुमची. काम याच खडकावरून सुरू करा. फक्त..." त्यांनी माझ्याकडे पाहिले, "सासऱ्यांना जरा लांब ठेवा."

सगळे हसले. या वेळी कुलथे सरांनी केळी खाल्ली आणि गणपतरावांनी चुन्याची डबी शास्त्राच्या सेवेत अर्पण केली. मी मात्र घरी येऊन ओसरीवर अंग चोरून बसलो. गुडघे पोटाशी, मान खाली, पाठ वर. रेवती येऊन म्हणाली, "अण्णा, तुम्ही बोलावलं नसतंत तर सर आलेच नसते." ती थोर मनाची आहे, पण मी काही हललो नाही. ज्याला आपल्या हातची हळद ओळखता आली नाही, त्याने वर मान कोणत्या तोंडाने करावी?

आमच्या सौभाग्यवती चहाचा पेला घेऊन आल्या. मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि आत रेवतीला हाक मारून म्हणाल्या, "रेवती, हा बघ गं तुझा खडकावरचा नेचा, गुंडाळून बसलाय! थांब, पाणी पडलं की उलगडतो म्हणालीस ना?"

मी चहा घेतला आणि उलगडलो. माझ्या हातांचा पिवळा रंग मात्र पुढच्या रविवारपर्यंत गेला नाही.