बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

मुलगी झाली तेव्हा नाशकात कडाक्याची थंडी पडली होती. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे बायकोच्या माहेरी व्हायचं, पण तिच्या आईचं नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणून माझी आई सुरगाण्याकडच्या आमच्या गावाहून आली. दिंडोरी नाक्यावर जीपमधून उतरली तेव्हा तिने छातीशी एक गोणी धरली होती. मला वाटलं, नागलीचं पीठ असेल. घ्यायला गेलो तर हलकी लागली आणि हात काळे झाले.

"कोळसे हायेत," ती म्हणाली. "तुमच्या नाशकात शेगडीत काय घालाल? शिलिंडर?"

जीपमधल्या बाया खळखळून हसल्या. आईने चुलीतली जळती लाकडं विझवून विझवून महिनाभर ते कोळसे साठवले होते.

आमच्याकडे शेगडीशिवाय बाळंतपण पुरं होत नाही. बाळाला तेल लावून न्हाऊ घातलं की निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग टाकायचं, त्या धुरीवर बाळाला शेकायचं, मग शेगडी बाळंतिणीच्या बाजेखाली सरकवायची. आम्ही पाचही भावंडं अशीच शेकली गेलो. त्या ओव्याच्या वासात माझ्या आईचे कष्ट आहेत, असं मला अजूनही वाटतं. लोकांच्या द्राक्षबागांत मजुरी करून तिने आणि वडिलांनी मला पदवीपर्यंत शिकवलं. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. तिच्या हाताने माझी मुलगी न्हाते आहे, हे बघताना मला भरून यायचं.

अंबडच्या ज्या कंपनीत मी नोकरी करतो तिथे दरवर्षी आग विझवण्याचं प्रशिक्षण असतं. त्यामुळे घरी मी त्या बाबतीत जरा कडकच. गॅसची नळी वेळेवर बदलायची, रात्री सिलिंडरचं बटण बंद करायचं, एका प्लगवर दोन जड वस्तू लावायच्या नाहीत. नाक्यावर दूध आणायला जायचं तरी हेल्मेट. बायको म्हणायची, "हा माणूस झोपतानासुद्धा हेल्मेट घालेल एक दिवस." शेगडी आली तशी मी तिच्याखाली कडाप्पा ठेवला, पडदे काढून टाकले, कोपऱ्यात पाण्याची बादली भरून ठेवली. आमच्याकडे बाज नव्हती, दिवाण होता, म्हणून शेगडी त्याच्या शेजारी ठेवायची.

"दुलईचं टोक लांब ठेव आई, ठिणगी उडते."

"तुझ्या जन्माआधीपासून शेगडी पेटवते मी," आई म्हणाली. "तू ती खिडकी लाव आधी. लेकराला वारं लागंल."

मी सरकती खिडकी लावली. फटीतून गार हवा येत होती तिथे वर्तमानपत्राच्या घड्या खोचल्या. दारही लोटून घेतलं. आगीपासून जपायचं ते सगळं जपलं होतं. आग म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे ज्वाळा यायची, धूर यायचा, आरडाओरडा यायचा.

बायकोचं डोकं दुखायला लागलं. शेक झाला की जड व्हायचं, बाहेरच्या खोलीत जेवायला येऊन बसली की हळूहळू उतरायचं.

"अंगात रगत नाय तिच्या," आई म्हणायची. "डिंकाचे लाडू खात नाय नीट. दोन घास खाती आन् 'पोट भरलं आई, पोट भरलं आई'."

"आई, खरंच भरतं हो."

"चिमणीसुदीक जास्त खाती."

बारसं होऊन गेलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी घरी होतो. न्हाणं झालं, ओव्याचा वास आला, दार लोटलं गेलं. थोड्या वेळाने मी बाहेरून विचारलं, "आई, चहा ठेवू का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. आतून बायकोचा आवाज आला, पण शब्द लागेना. झोपेत कुणी बोलावं तसा.

दार उघडलं. खोली स्वच्छ. धूर नाही, ज्वाळा नाही, निखाऱ्यांवर राख धरलेली. आई भिंतीला टेकून पाय पसरून बसलेली, मान एका बाजूला कललेली. तिच्या पायांवर दुपट्यात मुलगी. बायको दिवाणावरून उठायला बघत होती आणि तिचे पाय तिला उचलत नव्हते. मुलगी रडत नव्हती, हलत नव्हती. मी तिला उचललं तर ती ओल्या कपड्यासारखी हातावर पडून राहिली.

मी गॅलरीत धावलो. गार हवा तोंडावर आली तशी ती बारीक खोकली. मग तोंड वेडंवाकडं केलं आणि रडली. शेजारच्या ताईंच्या हातात तिला देऊन मी परत आत गेलो, बायकोला आणि आईला ओढतच बाहेर आणलं, खिडकी उघडली. आईला उलटी झाली. तिघींना रिक्षात घालून आम्ही दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी तिघींना ऑक्सिजन लावला. मला विचारलं, "खोलीत कोळसा पेटवला होता? खिडक्या बंद होत्या?" मी मान डोलावली. त्या म्हणाल्या, "बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो. दिसत नाही, वास येत नाही. झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस उठतच नाही. थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. यापुढे निखारा खोलीत आणायचाच नाही. कपडा बाहेर शेका आणि गरम कपडा आत आणा."

संध्याकाळी मुलगी दूध प्यायली, तेव्हा डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या. आईचा ऑक्सिजन काढला होता. कॉटवर बसून ती स्वतःच्या तळहातांकडे बघत होती.

"पाच लेकरं शेकली मी," ती म्हणाली. "एकाला काय झालं नाय. मंग माझ्याच नातीला का?"

"आई, आपलं घर कुडाचं होतं."

कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप, वर कौलं. थंडीत भिंतीच्या फटींतून वारं बोचायचं. वडील चिंध्या कोंबायचे, त्या पुन्हा गळून पडायच्या. कधी एकदा सिमेंटचं घर बांधीन, असं शाळेत असताना मला वाटायचं. त्या फटी आम्हाला श्वास पुरवत होत्या, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. बिचाऱ्या शेगडीत काहीच बदललं नव्हतं. भोवतीचं घर तेवढं बदललं होतं.

आई एकदम म्हणाली, "धाकटीला घरकुल झालंय."

माझी धाकटी बहीण गावातच दिलेली. तिचे दिवस भरत आले होते. तिच्या नव्या घरकुलाला स्लॅब, लोखंडी दार आणि एकच खिडकी. आईने त्या घराचं कौतुक गावभर केलं होतं. आता तिला दवाखान्यातच घाई सुटली. "मला जीपमधी बसवून दे. तिची सासू आत्ताच कोळसे साठवून बसली आसंल." मी फोन लावून दिला. सिग्नल तुटत होता तरी ती ओरडून तेच तेच सांगत राहिली. शेवटी माझी मुलगी नीट बाळसं धरेपर्यंत थांबली आणि मग गेली.

बहिणीला मुलगा झाला तेव्हा मी गावी गेलो. घरकुलाचं दार सताड उघडं होतं. शेगडी बाहेर ओट्यावर होती आणि आई तिच्यावर दुपट्याच्या घड्या शेकत होती. आतून बहीण ओरडली, "आई, गार लागतंय गं, दार तरी लोट."

"लागू दे. गोधडी घे."

समोरच्या घरातली म्हातारी काठी टेकत आली. शेगडीकडे, उघड्या दाराकडे बघून म्हणाली, "बाळंतीण आत आन् शेगडी भाईर? नाशकाला काय ऱ्हाऊन आली, विस्तवाला भ्याया लागली गं तू."

"भ्याले," आई म्हणाली. "तुझी सून बी दोन जिवाची हाय ना? तू बी भी."

मग तिने गरम दुपटं आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिलं, आणि आत गेली.