आठवा चुडा

देवाशी भांडू नये म्हणतात. मी भांडले आहे, भर नदीकाठी, मोठ्या आवाजात. माझी आधीची दोन लेकरं दात यायच्या आत गेली होती. तिसरी मुलगी तापानं फणफणली की डोळे फिरवायची, हातपाय ताठ करायची. इंझोरीतल्या आमच्या घरात याचं कारण ठरूनच गेलं होतं: अडाण नदीतल्या बेटावरच्या साती आसरा कोपल्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. बेटावर शेंदूर लावलेले त्यांचे सात दगड होते. सासूबाई नवस बोलल्या आणि फेडायचा मी: वर्षभर दर पुनवेला मुलीला कडेवर घेऊन बेटावर जायचं, सातीजणींना हिरवा चुडा आणि दहीभात वाहायचा. तान्ह्या लेकरावर कोपणारी देवी कसली, असा संताप मनात होता. पण पोर जगवायची होती, म्हणून तोंड मिटून निघाले.

बेट म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. पाण्याच्या जेमतेम वर आलेला गाळाचा सखल पट्टा, त्यावर लव्हाळं आणि एक वाकडं करंजाचं झाड. कोजागरीला पहिल्यांदा गेले तेव्हा पिंढरीपर्यंत चिखलात रुतले. पौषात पाणी इतकं गार, की मुलगी माझ्या गळ्याला मिठी मारून बसली. चैत्रात भोयांनी भोवतालच्या वाळूत डांगराचे वेल लावले होते. वैशाखात नदीच आटली आणि बेट कुठं सुरू होतं तेही कळेना. आषाढ-श्रावणात भोयाच्या डोंग्यातून, जीव मुठीत धरून गेले. ऊन असो, पाणी असो, मी चुकले नाही. झटके मात्र चुकत नव्हते. दर वेळी तिचं ताठरलेलं अंग मांडीवर घेऊन बसले की मला वाटायचं, या सातीजणी माझे चुडे घेतात तरी कशाला?

भादव्याची पुनव झाली, बारा महिने भरले. घरी येऊन परात खाली ठेवली, तर सासूबाई म्हणाल्या, "हा तं धोंड्याचा महिना हाय. थो देव धरत नाही. खऱ्या भादव्यात पुन्ना जाय लागते." त्या वर्षी अधिक महिना आला होता आणि नवसाचे महिने धरताना घरात कुणालाही तो आठवला नव्हता. जावयाला धोंडे खाऊ घालताना तो महिना बरोबर लक्षात राहिला, माझ्या पायपिटीच्या वेळी मात्र देवाला तो चालेना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण उद्या मुलीला काही झालं तर बोल मलाच लागणार होता.

खऱ्या भादव्याच्या पुनवेला लख्ख ऊन पडलं होतं. भोई कारंज्याच्या बाजाराला गेलेला, डोंगा काठाला बांधलेला. उतारावर पाणी गुडघ्याएवढंच दिसत होतं, म्हणून मी लुगडं खोचलं आणि मुलीला कडेवर घेतलं. काठावर एक बाई गवत कापत होती. हात ओकेबोके, कपाळ कोरं. ती विळा टाकून आली आणि म्हणाली, "जाऊ नको, बाई." का, ते सांगेना. मी ऐकत नाही असं पाहून तिनं माझ्या हातातली परात काढून घेतली, माझा पदर ओढला आणि चक्क त्या पदरावर बसली. मी ओरडले, हिसके दिले. लुगडं फाटेल की सुटेल अशी गत झाली, तरी ती हलली नाही. "आज थ्या तथी नाहीत," बेटाकडं हात करून एवढंच म्हणाली. "थ्याच इकडं येऊन राह्यल्या."

मग वरच्या अंगानं आवाज आला. वाशिमकडं कुठं पाऊस झाला असेल. गढूळ पाणी फेस आणि कापसाच्या पऱ्हाट्या घेऊन आलं आणि मी बोलत होते तेवढ्यात बेट गेलं. करंजाचा शेंडा तेवढा हलत होता. मुलगी माझ्या कडेवर होती, आणि मी जिथं पाय टाकणार होते तिथून एक अख्खं झाड वाहत गेलं. मला हात जोडायला हवे होते. मी नदीकडं तोंड करून भांडले. वर्षभर बोलावलंत, आज दार लावून घेतलंत, माझ्याकडून आणखी काय पाहिजे, असं रडत-ओरडत विचारलं. पाणी चढत आमच्या पायांना लागलं. मी परात तिथंच उपडी केली आणि म्हटलं, आता महिने तुम्हीच मोजा, ही पोरही तुम्हीच सांभाळा, माझ्यानं होत नाही. डोळे पुसून मागं वळले तेव्हा बाई गवताचा भारा घेऊन धनजच्या वाटेला लागली होती. मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

घरी झालेलं सांगितलं, तर वेगळंच पुढं आलं. विधवेचा हात परातीला लागला, नवस बाटला, आता वर्ष पहिल्यापासून धरा, असं चार बायका सासूबाईंना सांगून गेल्या. माझी लेक जिवंत समोर खेळत होती, आणि यांना त्या हाताचा विटाळ वाटत होता! त्या दिवशी मी सासूबाईंना पहिल्यांदा नाही म्हटलं. मोजणी मी नदीकाठी सोडून आले, आता परत उचलणार नाही, असं सांगितलं. दिवाळीत मुलीला एकदा झटका आला. पुढं कमी होत गेले, मग थांबले. कारंज्याच्या डॉक्टरचं औषधही चालू होतं. श्रेय कुणाचं, यावर मी भांडत नाही. बाकी भांडायला जागा पुष्कळ आहे. सोडून दिल्यावर जे हाती राहिलं ते माझ्या मोजण्यानं राहिलं नव्हतं, एवढं मला कळलं.

पूर ओसरला तेव्हा दगड जागेवरच होते, नुसता शेंदूर धुऊन गेला होता. नवस नसतानाही मी अजून जाते, नदी जाऊ देईल तेव्हा. नाही जाऊ दिलं तर काठावरूनच हात जोडून परतते. मागं एकदा शेजारीण सोबत होती. मी चुडे मांडताना ती म्हणाली, "आसरा तं सातच हायत. हा आठवा कायले?"

"माह्या पदरावर बसली व्हती, तिचा," मी म्हटलं, आणि चुडा तिथंच ठेवला.