हरिसिंगचा बेस बॉक्स

घाटंजीजवळच्या तांड्यावर हरिसिंगचा बेस बॉक्स चार गावांत नावाजलेला होता. आत अठरा इंची स्पीकर, अन् त्याच्या तोलामोलाचं दांडगं अँप्लिफायर मशीन. लोक म्हणत, एवढ्या मशीननं स्पीकर जळंन. हरिसिंग हसायचा. "दांडगा बैल हळू चालवता येते. बकरीले बंडी ओढाले लावली, तर बकरीबी जाते अन् बंडीबी."

लग्नात त्याची बायको मानीबाई बॉक्सला हात लावून बसे. तापात तिचे कान गेले होते. ती तळहातानं ऐकायची. नंगारा कधी चढला, गाणं कधी सरलं, सगळं तिला हातातून कळे.

मग कापसाची पडती वर्षं आली. तांड्यावरची लग्नं मुकाट उरकू लागली. मशीन विकलं गेलं. कोपऱ्यातल्या बॉक्सवर ज्वारीचं पोतं चढलं.

त्याच दिवसांत लेक संगीताचं लग्न निघालं. सासरी निघताना नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहून आईबापाचा निरोप गाते. तांड्यावर त्या गाण्याला हवेली म्हणतात. संगीता म्हणाली, "बा, मले माइक पाहिजे. याडीले माही हवेली कळली पाहिजे." याडी म्हणजे आई.

पुतण्या राजकुमारनं भजनाचं मशीन आणलं, निम्म्या ताकदीचं. "घ्या काका, तुमची बकरी! पण अर्ध्याच्या वर नेऊ नका."

"मले शिकवतं काय बे?"

संगीतानं बैलावरून सूर धरला. मानीबाईनं बॉक्सवर हात टेकवला. "नाही येऊन राह्यली पोरगी."

हरिसिंगनं बटन फिरवलं.

"अजून."

अजून फिरवलं. आवाज फाटू लागला. राजकुमार ओरडला, "काका, कॉइल जळते!" हरिसिंगला ते कळत नव्हतं का? पण मानीबाईच्या चेहऱ्यावर लेक उतरली होती. तिचे ओठ संगीताच्या सुरात हलत होते. त्यानं बटन शेवटाला नेलं.

जळका वास आला. बॉक्स मुका झाला.

मानीबाईनं हात तसाच ठेवला. बऱ्याच वेळानं नवऱ्याकडे पाहिलं. "झालं पोरीचं?"

संगीता मोकळ्या गळ्यानं गातच होती. हरिसिंगनं हो म्हणून मान हलवली.

मानीबाई डोळे पुसत उठली अन् लेकीची शिदोरी आणायला घरात गेली. बैलावरून संगीतानं तिची पाठ पाहिली. हवेलीची अजून कितीतरी कडवी बाकी होती. ती तिनं म्हटली नाहीत.