तिकीट न काढता पाहिलेलं सिंगापूर, आईबरोबर

"मला परतीचं लवकरचं विमान बघून दे," इथे आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात आई म्हणाली. सांगलीच्या सरकारी दवाखान्यात आयुष्यभर नर्स असलेली बाई, सिंगापूरच्या यिशुन भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये नुसती बसून कंटाळली होती. फिरायला चल म्हटलं की प्रवेशशुल्काचे रुपये करायची आणि "नको" म्हणायची. माझी आठ वर्षांची मिहिका इंग्रजीत बोलायची, आजी मराठीत. गाडी "दूध पी" आणि "ओके"च्या पुढे जात नव्हती.

शाळेला सुट्टी होती. मी दोन दिवस रजा टाकली आणि फक्त फुकट ठिकाणं शोधली.

यिशुनहून लाल लाइनची एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, थेट नोव्हेनाला जाते. तिथे एका रुग्णालयाच्या आवारात वैद्यकीय वस्तूंचं छोटंसं संग्रहालय आहे. (वेळ आधी तपासा, सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी बंद असतं.) मिहिका दारातच सिंगापुरी ठेक्यात म्हणाली, "सो बोरिंग लाह." आई मात्र काचेच्या सिरिंज आणि त्या उकळायचं भांडं बघत उभी राहिली. "हे सगळं माझ्या हातातलं आहे गं."

माहिती सांगणाऱ्या चिनी बाई सत्तरीच्या, स्वतः निवृत्त नर्स. "यू ऑल्सो नर्स?" त्यांनी विचारलं. आईने मान हलवली. तेवढ्यात नर्सिंगच्या पाच-सहा विद्यार्थिनी आल्या. तिथे एक जुनी लोखंडी खाट होती, हात लावायला परवानगी असलेली. बाईंनी हसत चादर आईपुढे धरली.

आईने पदर खोचला, चादर झटकली, कोपरा तिरपा दुमडून गादीखाली ताणून सारला. "सुरकुती राहिली तर पेशंटची पाठ सोलवटते," ती मराठीतच म्हणाली. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तोवर मिहिकानेच ते इंग्रजीत सांगून टाकलं. पोरीला सगळं कळत होतं.

मग विद्यार्थिनींनी एकेक करून पाहिलं. एकीचा कोपरा सैल राहिला. आईने तो सरळ उपसला. "पुन्हा कर."

"शी सेज डू अगेन," मिहिका ऐटीत म्हणाली.

तिथून एक स्टेशन न्यूटन, मग निळ्या लाइनने बोटॅनिक गार्डन. ऑर्किडचा भाग सोडला तर सगळी बाग फुकट. छत्री आणि पाण्याची बाटली हवीच, दुपारी घामाच्या धारा लागतात. आम्ही रेन ट्रीच्या सावलीत घरचे पराठे खाल्ले. मिहिकाने माझ्या ओढणीची पट्टी करून आजीच्या मनगटाला तीनदा बँडेज बांधलं. आजीने तीनदा सोडायला लावलं.

दुसऱ्या दिवशी जुरोंगची जपानी बाग. तिलाही तिकीट नाही. दगडी दिवे, कमळांचं तळं, आखीव झुडपं. दुपारपर्यंत आई शांतपणे चालत होती. पुलावर थांबून म्हणाली, "ते विमानाचं राहू दे. ठरलं तेव्हाच जाईन."

"बरं," मी म्हटलं.

घरी आलो तेव्हा पाय बोलत होते. दोन दिवसांत खर्च झाला तो एमआरटीचा आणि हॉकर सेंटरच्या स्वस्त टपऱ्यांवरच्या डोशांचा. फोटो मोजकेच आले, त्यातले निम्मे मिहिकाच्या अंगठ्याचे. मी कुकर लावला. बाहेरच्या खोलीतून मिहिकाचा आवाज आला, अडखळत, पण मराठीत: "आजी, नाइट ड्युटीला तुला भीती वाटला?"

आईने तिची चूक सुधारली नाही. सोफ्यावर सरकून जागा केली आणि म्हणाली, "ये, बस. सांगते."